साठ डबे आणि ३५ मिलिमीटरचा आग्रह

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आमच्याच जिल्ह्यातील चार तरुणांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. डिजिटल कॅमेरा सहज हाताशी असताना आपला पहिला मराठी चित्रपट निगेटिव्हवर, म्हणजे प्रत्यक्ष फिल्मवर, चित्रित करायचे त्यांनी ठरवले आहे आणि रॉ स्टॉकसाठी, म्हणजे कोऱ्या फिल्मसाठी, स्वतःच्या कमाईतले पैसे बाजूला काढले आहेत. ज्याची उमेदीची सगळी वर्षे अंधाऱ्या पिशवीत हात घालून मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याला लावायची फिल्मची पेटी, भरण्यात आणि कॅमेऱ्याशेजारी उभे राहून फोकस सांभाळण्यात गेली, अशा माझ्यासारख्या माणसाला हे वाचून फार आनंद झाला.

मात्र त्या लेखातील काही विधाने वाचल्यापासून मन स्वस्थ नाही. 'खरा सिनेमा ३५ मिलिमीटरवरच होतो, १६ मिलिमीटर हे शिकाऊ मुलांचे माध्यम' असे, फिल्मच्या पट्टीच्या या दोन रुंदींविषयी, त्या तरुणांपैकी एकाने म्हटले आहे आणि लेखकानेही ते गृहीत धरून पुढचे सारे लिहिले आहे. पुढे एका ठिकाणी, चित्रपटासाठी ३५ मिलिमीटर फिल्मचे ४०० फुटांचे ६० डबे घेण्याचे ठरले आहे, असे येते. शेवटच्या रकान्यात, चित्रपटाचा कळस म्हणून देवघरासमोरचे सात मिनिटांचे एकसलग दृश्य योजले असल्याचे सांगितले आहे. ही तिन्ही वाक्ये एकमेकांशी जुळत नाहीत. पैसे अजून गेलेले नाहीत, डब्यांची मागणी पुढच्या महिन्यात नोंदवायची आहे, असे लेखात म्हटले असल्यामुळेच हे पत्र लिहिण्याची घाई करीत आहे.

आधी हिशेब मांडतो. ३५ मिलिमीटरच्या एका फुटात नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक चौकटीला (एका स्थिर चित्राला) फिल्मच्या कडेची चार छिद्रे धरून, १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म कॅमेऱ्यातून जाते आणि ४०० फुटांचा डबा साडेचार मिनिटे पुरी होण्याआधीच संपतो. साठ डबे म्हणजे २४,००० फूट आणि २४,००० फूट म्हणजे २६६ मिनिटे. चित्रपटाची लांबी लेखात एक तास पन्नास मिनिटे दिली आहे. याचा अर्थ पडद्यावरच्या एका मिनिटामागे त्यांच्या हातात अडीच मिनिटांचीही फिल्म नाही. मॅगझिन भरताना उजेड लागलेले सुरुवातीचे काही फूट, कॅमेरा वेग घेईपर्यंतचे आणि क्लॅपचे फूट, शेवटचा तुकडा, आणि पुढच्या शॉटला पुरणार नाहीत म्हणून बाजूला पडणारे शॉर्ट एंड, हे सगळे वजा केले की दर शॉटला जेमतेम दोन टेक उरतात. दिग्दर्शक पहिल्यांदाच चित्रपट करणारा, कलाकार गावातले आणि बाहेर आषाढातला पाऊस, अशा स्थितीत दोन टेकमध्ये काम उरकावे लागणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक.

मी ते अनुभवले आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एका मराठी चित्रपटावर मी दुसरा सहायक होतो. निर्मात्याने ३५चा हट्ट धरला होता आणि शेवटच्या आठवड्यासाठी नऊ डबे उरले होते. एका ज्येष्ठ अभिनेत्रीला मुलाच्या पत्राचे वाचन करायचे होते. पहिल्या टेकला त्यांचा शब्द अडला, दुसऱ्याला माझ्या वरच्या सहायकाचा फोकस सुटला, आणि तिसरा टेक मागायला कोणी धजावले नाही. बाई तयार होत्या, दिवा लागलेला होता, कॅमेरा जागेवर होता, फक्त फिल्म नव्हती. चित्रपटात पहिला टेकच ठेवला गेला आणि अडलेला शब्द डबिंगमध्ये भरला गेला. आजही तो चित्रपट दूरचित्रवाणीवर लागला की मी त्या दृश्याला उठून दुसऱ्या खोलीत जातो.

आता तोच ६० डब्यांचा हिशेब सुपर १६ला, म्हणजे १६ मिलिमीटरच्याच फिल्मवर अधिक रुंद चौकट घेण्याच्या पद्धतीला (तिच्याविषयी पुढे लिहितो), लावून पाहावा. १६ मिलिमीटरच्या एका फुटात ४० चौकटी बसतात, मिनिटाला ३६ फूट फिल्म लागते आणि ४०० फुटांचा डबा ११ मिनिटांहून थोडा अधिक चालतो. तेच २४,००० फूट आता ६६६ मिनिटे देतात, म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटामागे सहा मिनिटे. वर १६ची फुटामागची किंमत ३५पेक्षा कमी असते, आणि वाचलेल्या पैशांत लॅबचा व स्कॅनिंगचा काही भार निघतो.

सात मिनिटांच्या दृश्याचा प्रश्न तर याहून सरळ आहे. नेहमीच्या ३५वर ४०० फुटांच्या मॅगझिनमध्ये सात मिनिटांचा शॉट मावतच नाही. त्यासाठी १००० फुटांचे मॅगझिन आणि १००० फुटांचे डबे लागतात, कॅमेरा त्या मानाने अवजड होतो आणि कोकणातल्या घराच्या माजघरातून देवघरापर्यंत तो खांद्यावर घेऊन चालणे हे वेगळेच दिव्य होते. सुपर १६वर तेच दृश्य एका साध्या डब्यात होते आणि चार मिनिटांची फिल्म शिल्लक राहते. पटकथा लिहून झाली तेव्हाच माध्यमाच्या निवडीचे निम्मे उत्तर त्या एका दृश्यात आलेले होते. ते कोणी वाचले नाही, एवढेच.

या दृश्यात संवाद आहेत आणि ध्वनी जागेवरच मुद्रित करायचा आहे, असेही लेखात म्हटले आहे. तेव्हा आणखी एक सांगणे भाग आहे. आपल्याकडे कित्येक दशके आरी कंपनीच्या टू-सीसारख्या आवाज करणाऱ्या कॅमेऱ्यांवर काम झाले आणि संवाद नंतर डब करण्याची सवय बहुतांशी त्यातूनच पडली. भाड्याने सहज मिळणारे ३५चे कॅमेरे, उदाहरणार्थ आरी थ्री किंवा ४३५, यंत्र म्हणून उत्तम आहेत, पण ते जागेवर ध्वनी घेण्यासाठी बनवलेले नव्हते. बंद खोलीत त्यांची घरघर प्रत्येक वाक्यात ऐकू येईल. याउलट आरीचे १६ एसआर किंवा ४१६, तसेच आतों कंपनीचे १६चे कॅमेरे मुळातच शांत चालणारे आहेत. ३५मध्येही शांत कॅमेरे आहेत, पण ते मिळतील का आणि परवडतील का, हे आधी पाहावे लागेल.

१६ मिलिमीटरविषयीचा आकस कुठून आला, हे मला समजते, कारण तो आमच्याच पिढीने वाढवला. कोडॅकने १९२३ साली ही फिल्म हौशी लोकांसाठी काढली होती. पुढे ती माहितीपटांत आली, बातम्यांत आली. १९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर १६चा कॅमेरा घेऊन धावणारे बातम्यांचे कॅमेरामन आम्ही पाहिले आहेत. कथापटासाठी ती वापरली की चित्रपटगृहात दाखवण्यासाठी ३५वर ब्लो-अप करावा लागे, म्हणजे चित्र मोठे करून ३५च्या फिल्मवर उतरवावे लागे. मूळ निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, त्यावरून मोठी केलेली दुसरी निगेटिव्ह, त्यावरून प्रिंट, अशा प्रत्येक पायरीला फिल्मचा दाणा (चित्रात दिसणारे बारीक कण) वाढत जाई, सावल्या काळ्या पडत आणि कडा बोथट होत. त्यात तालुक्याच्या टॉकीजमधला अंधूक दिवा. प्रेक्षकांनी जे पाहिले त्यालाच ते '१६चे चित्र' समजले, आणि आम्हीही समजलो.

आज ती मधली पायरीच उरलेली नाही. निगेटिव्ह धुतली जाते, थेट स्कॅन होते आणि चित्रपटगृहात डिजिटल प्रत जाते. ३५वर चित्रित केलेला चित्रपटही आता बहुतेक ठिकाणी डिजिटल प्रतीच्या रूपातच लागतो. ब्लो-अपच्या काळात १६ला जी शिक्षा भोगावी लागत होती, ती आता नाही. जुन्या आठवणीवर विसंबून नव्या मुलांना सल्ला देणे अन्यायाचे होईल, आणि तसा सल्ला त्यांना कोणीतरी दिलेला दिसतो.

शिवाय साधे १६ आणि सुपर १६ यांतील फरकही लेखात कुठे आलेला नाही. साध्या १६वर एका बाजूला ध्वनिपट्टीसाठी जागा राखलेली असे. १९७०च्या आसपास स्वीडनचे छायालेखक रून एरिक्सन यांनी एकाच बाजूला छिद्रे असलेल्या फिल्मवर ती राखीव जागाही चित्रासाठी वापरण्याची पद्धत रूढ केली. साध्या १६ची चौकट सुमारे १०.२६ मिलिमीटर रुंद असते, तर सुपर १६ची सुमारे १२.५. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण आजच्या रुंद पडद्यासाठी चौकटीचा वरचा-खालचा भाग कापल्यावर जे उरते त्याचे क्षेत्रफळ सुपर १६मध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक भरते.

यावर कोणी म्हणेल की ३५ तरीही मोठेच. मोठे आहे, निःसंशय. चारऐवजी तीन छिद्रे वापरणाऱ्या ३५च्या चौकटीपुढे सुपर १६चे क्षेत्रफळ चौथाईच्या थोडे वर आहे, आणि हे लपवून मी सुपर १६ची भलामण करणार नाही. पण हा फरक नेमका कशात दिसतो हे समजून घ्यावे. कोडॅकची व्हिजन थ्री फिल्म १६मध्ये आणि ३५मध्ये तीच असते, एकच द्राव लावलेले पान वेगवेगळ्या रुंदीत चिरलेले असते. दाणा दोन्हींत सारखाच, मात्र १६चे चित्र पडद्यावर नेताना तो अधिक पटींनी मोठा होतो. म्हणून दूरची झाडी, पावसाने भरलेली दरी, पंढरीच्या वाटेवरचा हजारो माणसांचा लोंढा आणि त्यात ठिपक्याएवढे चेहरे, असे दृश्य सुपर १६वर मऊ पडते, पानापानातला वेगळेपणा विरघळतो. माणसाचा चेहरा, हात, समईची ज्योत, भिंतीवरचा ओलावा, हे जवळचे सारे मात्र त्यात उत्तम येते, आणि दाण्याची ती हलकी थरथर अशा चित्रांना एक ऊब देते. सह्याद्री हाच ज्या चित्रपटाचा नायक आहे, त्याने ३५ घ्यावे, जमल्यास ॲनामॉर्फिक (रुंद चित्र आडवे दाबून टिपणारी) लेन्सही घ्यावी. या मुलांचा चित्रपट, लेखावरून दिसते त्याप्रमाणे, एका घरात आणि पाच माणसांत घडतो.

त्याच घराच्या संदर्भात उजेडाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आषाढात कोकणातल्या कौलारू घराच्या आत दुपारी बारालाही संध्याकाळ असते. तेवढ्याच रुंदीचे दृश्य घेण्यासाठी ३५वर ५० मिलिमीटरची लेन्स लागत असेल, तर सुपर १६वर २५ची पुरते. कमी नाभीय अंतराच्या लेन्समध्ये पुढचे-मागचे अधिक अंतर स्पष्ट राहते. ३५वर लेन्सचे प्रकाशछिद्र एफ/४पर्यंत बंद केल्यावर स्पष्टतेची जी खोली मिळते, ती सुपर १६वर साधारण एफ/२लाच मिळते, म्हणजे तिच्यासाठी एक चतुर्थांश उजेड पुरतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की मोठे दिवे नकोत, ते चालवायला मोठा जनरेटर नको, जनरेटरचा ट्रक पावसात चिखलात रुतायला नको, आणि लाइटमन मंडळींची संख्या निम्म्यावर येते. तीच मुले ३५वर लेन्सच्या उघड्या प्रकाशछिद्राने चित्रीकरण करू लागली, तर पाच माणसांच्या दृश्यात एकाचा चेहरा स्पष्ट आणि चौघांचे धूसर, असे होईल, आणि अनुभवी फोकस पुलर नसेल तर तो एकही हातून जाईल. अर्थात लेन्स कॅमेऱ्यावर नेमकी बसली आहे की नाही, याची तपासणी १६मध्ये ३५पेक्षाही काटेकोर करावी लागते. तिथे केसाएवढी चूकही सगळ्या चित्रात उतरते.

सुपर १६ 'शिकाऊंचे' आहे काय, याविषयी दोन दाखले पुरेसे आहेत. जॉर्डनच्या उन्हात अनेक कॅमेरे एकाच वेळी लावून चित्रित झालेला 'द हर्ट लॉकर' सुपर १६वर झाला आणि २०१० साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. २०१५चा 'कॅरोल' एडवर्ड लॅकमन यांनी सुपर १६वरच चित्रित केला आणि त्याच्या छायालेखनाला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यांना ३५ परवडत नव्हते म्हणून त्यांनी हे केले, असे कोणी म्हणणार नाही.

मधल्या पर्यायांविषयी थोडक्यात लिहितो. ३५च हवे असेल तर प्रत्येक चौकटीला तीन छिद्रे किंवा दोन छिद्रे वापरणारे कॅमेरे आहेत. तीन छिद्रांनी चौथाई फिल्म वाचते, दोन छिद्रांनी निम्मी. साठच्या दशकात इटलीत सर्जिओ लिओने यांचे वेस्टर्न दोन छिद्रांच्या टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झाले, आणि तेवढ्या कमी फिल्ममध्ये रुंद पडदा भरला. या मुलांच्या साठ डब्यांत तीन छिद्रांनी ३५५ मिनिटे मिळतील आणि दोन छिद्रांनी ५३३. पण तीन छिद्रांनीही ४०० फूट सहा मिनिटांच्या आतच संपतात, म्हणजे देवघराचे दृश्य पुन्हा बसत नाही. दोन छिद्रांत ते बसते, मात्र दोन चौकटींमध्ये मोकळी जागा जवळजवळ राहत नसल्याने गेटमध्ये (कॅमेऱ्यात फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीत) अडकलेला बारीकसा केसही थेट चित्रात डोकावतो, आणि त्यासाठी कॅमेऱ्याची आतली यंत्रणाच वेगळी असावी लागते. ६५ मिलिमीटर आणि आयमॅक्सचा उल्लेख लेखात कौतुकाने आला आहे; आयमॅक्सच्या कॅमेऱ्यात १००० फूट फिल्म तीन मिनिटांत संपते, एवढे सांगून तो विषय सोडतो.

३५ मिलिमीटरचा मान कमी करण्याचा माझा हेतू नाही. कोल्हापूरच्या माणसाने तसे करणे शोभणारही नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला तेव्हा कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्रही बरोबर आणावे लागले होते, आणि सरस्वतीबाई फाळके यांनी घरकाम उरकून रात्री अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडली. हाताने फिरवायच्या त्या काळच्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारण १६ चौकटी जात, म्हणजे एका सेकंदाला एक फूट. बाबूराव पेंटर यांना कॅमेरा विकत घेणे जमेना, तेव्हा त्यांनी दामले यांच्या साहाय्याने इथे कोल्हापुरातच कॅमेरा घडवला. या माणसांनी जे साधन हाती होते, त्याचा शेवटच्या फुटापर्यंत हिशेब ठेवला. ३५ निवडले, कारण धंद्यासाठी त्यांच्यासमोर दुसरी रुंदी नव्हती.

जतनाच्या दृष्टीने ३५ बरे, असेही लेखात एक वाक्य आहे. फाळक्यांच्या काळातील फिल्म आजच्या यंत्रावर चालू शकते, कारण ३५ची रुंदी आणि चार छिद्रांची पद्धत तेव्हापासून बदललेली नाही, हे खरेच. पण १६ची रुंदीही १९२३पासून बदललेली नाही, आणि आजची सुरक्षित फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवली तर दोन्ही रुंदींचे आयुष्य सारखेच आहे. जतन बिघडते ते निगेटिव्हचे डबे निर्मात्याच्या माळ्यावर पडून राहिल्याने. धुतलेली निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवता येईल का, याची विचारणा या मुलांनी आत्ताच करावी.

आता सुपर १६चा धोका सांगतो, कारण तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्वदच्या दशकात एका लघुपटावर आम्ही सुपर १६ वापरले. तीन दिवसांच्या कामाची निगेटिव्ह एका लॅबमध्ये दिली. रशेस, म्हणजे चित्रीकरणाच्या पहिल्या प्रती, आल्या तेव्हा प्रत्येक शॉटच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक हिरवट रेघ होती, स्थिर, न हलणारी. दोन दिवस आम्ही कॅमेऱ्याला दोष दिला, गेट काढून भिंगाखाली पाहिले, मॅगझिनमधले प्रत्येक रोलर पुसले. शेवटी लक्षात आले की धुण्याच्या यंत्रातील रोलर साध्या १६साठी बनवलेले होते. साध्या १६ची ती कडा ध्वनिपट्टीची असल्याने रोलर तिथे टेकला तरी काही बिघडत नसे, पण सुपर १६मध्ये तिथेच चित्र असते. तीन दिवसांचे काम पुन्हा करावे लागले आणि त्यातले नदीकाठचे एक दृश्य पुन्हा करता आलेच नाही, कारण पाणी उतरले होते.

म्हणून या मुलांनी लॅबला तीन प्रश्न लेखी विचारावेत. फिल्मचा सगळा मार्ग सुपर १६साठी मोकळा आहे का? रंगीत निगेटिव्ह धुण्याचे रसायन रोज चालू असते, की पुरेशी फिल्म साठल्यावर ठराविक दिवशीच यंत्र चालवले जाते? आणि स्कॅनरचे गेट सुपर १६ची पूर्ण चौकट घेते का? यातील दुसरा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यात उघडलेली फिल्म दमट हवेत पडून राहणे चांगले नाही, आणि लॅबचा दिवस पंधरा दिवसांनी असेल तर चित्रीकरणाचे वेळापत्रक त्या दिवसाभोवती आखावे लागेल. डबे विमानाने न्यायचे असतील तर ते क्ष-किरणांच्या तपासणीतून जाऊ न देण्याची व्यवस्था आधीच करावी. विमानतळावरच्या नव्या यंत्रांतून गेलेली फिल्म धुरकट होते आणि ती नंतर कशानेही सुधारत नाही.

भाड्याचा कॅमेरा घेतानाही तसेच पाहावे. साध्या १६चा जुना कॅमेरा सुपर १६मध्ये बदलून घेतलेला असेल, तर चौकट एका बाजूला रुंद झाल्याने लेन्स बसवण्याचा मध्य सुमारे एक मिलिमीटर सरकवावा लागतो. केवळ गेट रुंद करून मध्य तसाच सोडलेले कॅमेरे मी पाहिले आहेत. अशा कॅमेऱ्यावर झूम केले की चित्र एका अंगाला सरकत जाते. साध्या १६साठी बनवलेल्या जुन्या झूम लेन्स रुंद टोकाला कोपरे काळे करतात. हे सारे दहा मिनिटांत तपासता येते, पण ते भाडे भरण्याआधी तपासावे.

फिल्म कोणती घ्यावी, हा प्रश्न फुजीने २०१३ साली सिनेमाची निगेटिव्ह बंद केल्यापासून फार सोपा झाला आहे. बाहेरच्या पावसाळी उजेडासाठी २५०डी, घराच्या आत ५००टी, आणि जिथे उजेड पुरेसा असेल तिथे २००टी, एवढ्यात काम भागेल (आकडा फिल्मच्या संवेदनशीलतेचा; डी म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी, टी म्हणजे दिव्यांच्या उजेडासाठी). सुपर १६वर ५००टी वापरताना निगेटिव्हला अर्ध्या ते पाऊण स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) अधिक उजेड द्यावा, म्हणजे सावल्यांतला दाणा शांत राहतो. लाइट मीटरवर काटकसर करून काळोखात चित्रीकरण केले आणि मग स्कॅनिंगमध्ये उजळवले, तर मात्र १६ची सगळी बदनामी खरी ठरेल.

माझे म्हणणे त्या मुलांनी केवळ माझ्या वयाकडे पाहून मान्य करावे, असे मला वाटत नाही. १६ची १०० फुटांची लहान रिळे मिळतात, एक रीळ पावणेतीन मिनिटे चालते. अशी दोन रिळे घेऊन त्यांनी त्याच घरात, त्याच आषाढी उजेडात, दुपारी चारनंतर चाचणी घ्यावी. एक चेहरा खिडकीशी, एक देवघरातल्या समईजवळ, बाहेरची ओली हिरवळ, आणि पांढरे धोतर नेसलेला माणूस काळोख्या दारात. हीच दृश्ये ३५च्या एखाद्या शॉर्ट एंडवरही घ्यावीत. दोन्ही निगेटिव्ह ज्या लॅबमध्ये पुढे काम होणार आहे तिथेच धुवाव्यात, स्कॅन कराव्यात आणि संगणकाच्या पडद्यावर न पाहता आपल्या गावातल्या चित्रपटगृहात, सकाळच्या खेळाआधी मालकाला विनंती करून, मागच्या रांगेत बसून पाहाव्यात. ३५चा फरक तिथून इतका दिसला की त्यासाठी सहाऐवजी दोन टेक आणि देवघराचे तुटक दृश्य पत्करावे असे त्यांना वाटले, तर त्यांनी ३५ निवडावे, माझी तक्रार राहणार नाही.

चाचणीच्या दिवशी मॅगझिन भरायला माणूस लागेल. माझ्या हाताला अजून सवय आहे आणि चेंजिंग बॅगही, म्हणजे ती अंधारी पिशवीही, जपून ठेवलेली आहे. माझा पत्ता या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्र कागदावर पाठवला आहे, तो कृपया त्या तरुणांपर्यंत पोहोचवावा, आणि डब्यांची मागणी नोंदवली जाण्यापूर्वी हे पत्र छापता आले तर मी आपला आभारी होईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कॅमेरा सहायक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर